वरची ओळ कापू नका

माझ्या डोक्यावर कायम कुणाचा तरी चहाचा ग्लास असतो. बहुतेक वेळा तो रमाकांतचा असतो, कधी एखाद्या गिऱ्हाइकाचा. चहा पिऊन होतो, माणूस निघून जातो, ग्लास मात्र तिथेच राहतो आणि त्याच्या बुडाचे गोल वर्तुळ माझ्या झाकणावर उमटते. वर्तुळांवर वर्तुळे बसून बसून माझ्या झाकणाचा मूळ रंग कोणता होता, हे आता मलाही आठवत नाही.

मित्रांनो, मी एक जुने झेरॉक्सचे यंत्र आहे. लालबागमधल्या एका चाळीच्या जिन्याखाली रमाकांतचा गाळा आहे, त्यात मी उभा असतो. आत्मवृत्ताची सुरुवात 'मी एक जुना' अशी करायची असते, हे मला चांगलेच ठाऊक आहे. जुनी छत्री, जुने नाणे, वठलेले झाड, फाटके पुस्तक, सगळ्यांची मनोगते माझ्या काचेवर पालथी पडून गेली आहेत आणि सगळी ह्याच शब्दांनी सुरू होतात. त्यांची मला इतकी शिसारी आली आहे, की मी ते शब्द दुसऱ्या परिच्छेदात ढकलले. ग्लासापासून सुरुवात करण्याची कल्पना मात्र माझी नव्हे. ती कुणाची, हे सांगण्यासाठीच मी आज बोलतो आहे.

माझा जन्म कुठल्या देशात झाला, ते माझ्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर लिहिलेले होते. ती पट्टी केव्हाच निघून गेली. फोर्टातल्या एका मोठ्या कचेरीत मी पहिली काही वर्षे काढली. तिथे थंडगार खोली होती, दर महिन्याला एक कारागीर येऊन माझे पोट उघडून साफ करायचा. मग नवे यंत्र आले आणि मी टेम्पोत चढलो. रमाकांतने मला उतरवून घेतले तेव्हा हार घातला, कुंकू लावले, पेढे वाटले. दसऱ्याला अजूनही झेंडूचे एक फूल माझ्या वाट्याला येते. बाकीचे दिवस कागद अडकला की थापा.

रमाकांत वाईट माणूस नाही. एकटा आहे, गाळा अरुंद आहे, आणि त्याचा एक कान सदैव फोनला चिकटलेला असतो.

आमच्या समोरच रात्रशाळेचे फाटक आहे. दिवसभर कुठे कुठे राबणारी माणसे संध्याकाळी दप्तर घेऊन तिथे जातात. कुणी कुरिअर पोहोचवतो, कुणी हॉटेलात भांडी घासतो, कुणी घरकाम करते. त्या शाळेत मराठी शिकवायला कालिंदीबाई गिरगावातून बसने येतात. बाईंचे केस मी काळे असताना पाहिले आहेत. त्यांच्या हातचे एक पान मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा छापले. त्यावर ठळक अक्षरांत 'प्रस्तावना' असे लिहिलेले होते आणि खाली हा मजकूर होता:

'मानव हा समाजशील प्राणी आहे. म्हणूनच ............ या गोष्टीला त्याच्या जीवनात अनन्यसाधारण महत्त्व आहे. आजच्या धकाधकीच्या व स्पर्धेच्या युगात तर हे महत्त्व दिवसेंदिवस वाढतच चालले आहे.'

टिंबांच्या जागी निबंधाचा विषय भरायचा, की प्रस्तावना तयार. कुठलाही विषय येवो, त्याच्यासाठी हा एकच सदरा. दर वर्षी दहावीचा वर्ग बदलायचा आणि दर वर्षी नवी माणसे तेच पान मागायला यायची. "रमाकांतभाऊ, बाईंची प्रस्तावना द्या." आधी मला त्याचे काही वाटत नसे. पण एकच वाक्य किती वेळा उच्चारावे, ह्याला काही सीमा असते. पुढे पुढे तर ते पान काचेवर आले की मला वाटायचे, आता कागद अडकला तर बरे.

गेल्या हिवाळ्यात बाईंचे मूळ पान घडीवर फाटायला आले. रमाकांतने त्याची एक ताजी प्रत काढून घ्यायची आणि पुढे तीच वापरायची असे ठरवले. त्या वेळी त्याचा फोन खांदा आणि कान ह्यांच्यामध्ये होता, पलीकडे गॅसवाला होता आणि दोघांची जुंपली होती. पान काचेवर तिरके पडले. वरची ओळ कडेबाहेर गेली. शीर्षकही गेले आणि समाजशील मानवही गेला. रमाकांतने प्रत न पाहताच फायलीत घातली, बाईंचे फाटके पान बाईंना परत केले, आणि त्या वर्षीच्या सगळ्या वर्गाला त्या नव्या प्रतीवरून प्रती मिळाल्या.

मला ओरडून सांगता आले असते तर बरे झाले असते. पण मला जे दिसते ते मी छापतो, एवढेच मला येते.

प्रिलिम झाली. एके दिवशी शाळा भरायच्या आधीच कालिंदीबाई गाळ्यात आल्या. हातात पेपरांचा गठ्ठा. त्यांनी तो माझ्या अंगावर आपटला, ग्लास हिंदकळला.

"रमाकांत, ऐक." बाई एकेक पेपर उचलून वाचू लागल्या. "'म्हणूनच वृत्तपत्र या गोष्टीला त्याच्या जीवनात अनन्यसाधारण महत्त्व आहे.' हा दुसरा. 'म्हणूनच वृक्षतोड या गोष्टीला.' आणि हे बघ, 'म्हणूनच माझी आई या गोष्टीला त्याच्या जीवनात...' आई ही गोष्ट आहे का रे? आणि कोणाच्या जीवनात? हा 'तो' कोण?"

रमाकांत आधी हसला. मग त्याने फाइल उघडली, पान पाहिले आणि त्याचे हसू मावळले. "बाई, वरची लाइनच उडालीय. माझ्याकडूनच झालं. सॉरी हां."

"तुझं सोड. अख्ख्या वर्गाने निबंधाची सुरुवात 'म्हणूनच'ने केली. एकालाही वाटलं नाही, की हे कशामुळे म्हणूनच?"

"पाठ करताना कोण एवढं बघतंय, बाई."

बाई स्टुलावर बसल्या. त्यांचा राग निघून गेला होता आणि त्या जागी नुसता थकवा उरला होता. तो मला चांगला ओळखता येतो.

"मी तरी कुठे बघत होते," त्या म्हणाल्या. "दर वर्षी पेपर तपासताना पहिला परिच्छेद आला की माझी नजर थेट दुसऱ्यावर जायची. माझंच लिहिलेलं, काय वाचायचं? ह्या वेळी अडखळले म्हणून वाचलं. दमून आलेली माणसं असतात रे ही. कोरा कागद समोर आला की रडवेली व्हायची. म्हटलं, चार ओळी तयार देऊ, हात तरी चालू लागेल. हात चालतो. डोकं तिथेच थांबतं."

फायलीतले पान त्यांनी काढून घेतले, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकले. "आजपासून हे बंद. कोणी मागितलं तर माझं नाव सांग."

मित्रांनो, मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण परीक्षा तोंडावर आली होती आणि वर्गात हलकल्लोळ माजला. जो तो गाळ्यात येऊन रमाकांतला गाठू लागला. हितेंद्र नावाचा कुरिअरवाला तर चिडूनच आला. "भाऊ, आता स्वतःची प्रस्तावना बनवायची म्हणे. पार्सल टाकू की प्रस्तावना बनवू?" दुसऱ्या दिवशी तो मोबाइलवरून एक प्रस्तावना काढून घेऊन आला. रमाकांतने बाहेरून तिची छापील प्रत काढून आणली आणि हितेंद्रच्या मित्रांसाठी माझ्या काचेवर ठेवली. 'आजच्या धकाधकीच्या युगात' अशीच तिची सुरुवात होती. मी हताश झालो.

आणि मग शेवंती आली.

शेवंती परळच्या एका खाजगी इस्पितळात कामाला आहे. चादरी, उशांचे अभ्रे, हिरवे गाऊन ह्यांची गाठोडी करून ती मजल्या-मजल्यावर पोहोचवते. लिफ्ट पेशंटसाठी असते, म्हणून जिन्याने. तिचे गुडघे गेले आहेत. गाळ्याची पायरी चढतानासुद्धा ती एक हात भिंतीला लावते. इस्पितळातल्या मेट्रनने तिला सांगून ठेवले होते, की जूनमध्ये नोंदणीच्या खिडकीवरची बाई निवृत्त होणार आहे, दहावी झालीस तर तुझा विचार होईल. खिडकीत खुर्ची असते. शेवंतीला ती खुर्ची हवी होती. आदल्या वर्षी तिने परीक्षा दिली होती. गणितासारखे गणित सुटले आणि ती मराठीत राहिली. पुढच्या वर्षापर्यंत ती खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली असती, म्हणजे हीच शेवटची संधी.

"भाऊ, ते बाईंचं पान," ती हळूच म्हणाली. "पूर्ण असलेलं. जुनं कुठे असेल तर बघा ना. कोणाला नाय सांगणार मी."

"नाही गं. बाई घेऊन गेल्या."

"माझं कसं होणार मग? मला बाकी काय येत नाय. पहिल्या चार ओळी लिहिल्या की तेवढं तरी पान भरतं."

"आणि पाचवी ओळ?" मागून आवाज आला. सराव-प्रश्नपत्रिकेच्या प्रती काढायला कालिंदीबाई पायरीवर उभ्या होत्या. शेवंती गोरीमोरी झाली.

"पाचवी ओळ काय लिहितेस, शेवंती?"

"तिथेच तर अडतं, बाई. प्रस्तावना झाली की पुढे काय लिहायचं तेच सुचत नाय. गेल्या वर्षी पण तसंच. चार ओळी छान लिहिल्या नि बसून राहिले."

"सुचणार कसं? त्या ओळींमध्ये तू नाहीसच. ज्या विषयावर लिहायचंय तोही नाही. तुमच्याकडे नवा पेशंट आला की सिस्टर पहिलं काय करतात?"

"नाव विचारतात."

"मानव हा समाजशील प्राणी आहे, असं सांगत नाहीत ना त्याला?"

शेवंती हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिले. बाईंनी रद्दीतला एक फुकट गेलेला कागद उचलला, त्याची कोरी बाजू वर केली आणि पेनासकट तिच्यापुढे धरला. "लिही. झेरॉक्स मशीनचं मनोगत. शाळा भरायला वेळ आहे अजून."

शेवंती दुसऱ्या स्टुलावर बसली. तिने लिहिले, 'मी एक जुने'. बाईंनी पेनावर बोट ठेवले. "थांब. हे तुला दिसलं की पाठ होतं?"

"पाठ होतं."

"मग खोड. समोर मशीन आहे. बघ त्याच्याकडे. जे दिसतंय तेच सांग."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याकडे असे कुणी पाहिले नव्हते. माणसे माझ्याकडे येतात ती स्वतःच्या कागदाकडे पाहत. कारागीर पाहतो, तो बिघाड पाहतो. शेवंतीने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. पुठ्ठ्याचा तुकडा लावून सरळ केलेला माझा एक पाय पाहिला. ट्रेला बांधलेला रबर पाहिला. मला लाजल्यासारखे झाले.

"बाई," ती म्हणाली, "ह्याच्या डोक्यावर कायम कोणाचा तरी चहाचा ग्लास असतो."

"हेच लिही," कालिंदीबाई म्हणाल्या.

तिने लिहिले आणि पेन थांबलेच नाही. 'ग्लास ठेवणारा माणूस वाईट नाही. त्याला दुसरीकडे जागा नाही. पण मला कुणी विचारत पण नाही की जड होते का.' ती वाकून लिहीत होती, ओळी वर-खाली जात होत्या, आणि कागदाची ती बाजू भरली. बाईंनी वाचले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे तुला कसं गं सुचलं?"

"सुचलं नाय बाई. माझ्या पण डोक्यावर गाठोडं असतं ना, म्हणून दिसलं."

"बघितलंस ना, पहिलं वाक्य खरं असलं की दुसरं त्याच्या मागून चालत येतं. ओढून आणावं लागत नाही."

"पण परीक्षेत मशीन नाय आलं तर?"

"जे येईल त्याच्याकडे असंच बघ."

"आणि काय दिसलंच नाय तर?"

बाई खोटे बोलल्या नाहीत. "तर राहशील. पण शेवंती, पाठ करूनही राहिलीच होतीस."

शाळेची घंटा झाली. दोघी गेल्या. कागद माझ्याच अंगावर राहिला. रमाकांतने तो वाचला, कान खाजवला आणि ग्लास उचलून खाली फरशीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा माझ्या डोक्यावर होता. सवय लगेच जात नाही. पण मला त्याचे वाईट वाटले नाही. माझ्यावर कुणीतरी लिहिले होते.

मराठीच्या पेपरच्या दिवशी शेवंती परीक्षा देऊन थेट गाळ्यात आली. तिचा चेहरा उतरलेला होता. रमाकांतने तिला स्टूल दिले, पाणी दिले.

"मैदानाचं मनोगत आलं, भाऊ. खेळाचं मैदान. मी मेली कधी मैदानात खेळलेय? लहानपणी घरकाम नि पाणी भरणं. कोऱ्या कागदाकडे बघत बसले. ते 'मानव हा' तोंडावर आलं होतं अगदी. लिहिणार होते."

"मग?"

"मग आठवलं, मी रोज मैदानावरूनच कामाला जाते. म्हणून लिहिलं, 'माझ्यावरून रोज सकाळी एक बाई घाईघाईने जाते. ती कधीच खेळत नाही.'" तिने रमाकांतकडे पाहिले. "बरोबर आहे ना? की चुकलं? तपासणारे हसतील का?"

"मला काय कळतंय त्यातलं," रमाकांत म्हणाला. आणि बराच वेळ तो कुणाचाही फोन न घेता उभा राहिला.

ते दोन महिने मला जड गेले. तपासणारा कोण असतो, कुठे असतो, मला माहीत नाही. पण मनात यायचे, तोही कालिंदीबाईंसारखा दमलेला असेल. पेपरांच्या ढिगात बसलेला असेल आणि पहिला परिच्छेद न वाचताच दुसऱ्यावर नजर नेत असेल. शेवंतीने जे काही कमावले होते ते सगळे पहिल्या परिच्छेदात होते. त्याने तोच गाळला तर? मी यंत्र आहे, मला देव नाही. तरी माझ्या परीने मी कुणाला तरी विनवत होतो.

त्याच सुमारास गाळ्यात नवे यंत्र आले. छोटे, पांढरे, फोनवरून परस्पर छापणारे. त्याला हार घातला गेला. मला भिंतीकडे सरकवले. एक भंगारवाला येऊन मला वाकून पाहून गेला आणि शाळा सुरू झाल्यावर येतो म्हणाला. मी घाबरलो नाही. इतका दमल्यावर माणूस काय नि यंत्र काय, घाबरायचेही विसरते. फक्त त्याआधी निकाल कळावा, एवढेच वाटत होते.

निकाल फोनवर लागला त्या दिवशी शेवंती आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मी धरून चाललो, की राहिली.

मग एका दुपारी, इस्पितळाच्या निळ्या साडीतच, ती पायरी चढून आली. हात भिंतीला लावला होताच. दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला एक कागद होता. शाळेतून नुकतीच आणलेली गुणपत्रिका.

"सुटले, भाऊ," ती म्हणाली. "मराठीत काठावरच. पण सुटले. मेट्रन म्हणाली, झेरॉक्स घेऊन ये. निकालाच्या दिवसापासून डबल ड्यूटी लागली होती, यायलाच झालं नाय." आणि ती रडू लागली. रडता रडता म्हणाली, "बाईंना सांगितलंय. त्या पण अशाच रडल्या."

नव्या यंत्रावर कॉलेजच्या प्रवेशाचे कागद छापण्याची रांग लागलेली होती. "थांब, जुन्यावर काढतो," असे म्हणून रमाकांत माझ्याकडे वळला. पण शेवंती त्याच्या आधी माझ्यापाशी पोहोचली. तिने माझ्या डोक्यावरचा ग्लास उचलला आणि फळीवर ठेवला. पदराचे टोक ओले करून तिने माझे झाकण पुसले. वर्तुळे काही गेली नाहीत, पण ती पुसत राहिली. मग झाकण उघडून काचही पुसली आणि गुणपत्रिका स्वतःच्या हाताने तिच्यावर पालथी ठेवली. कागदाच्या कडा तिने बोटांनी चाचपून पाहिल्या.

"सरळ आहे ना, भाऊ? वरची ओळ कापू नका हां. वर माझं नाव आहे."

तिचे नाव माझ्या काचेवर होते. मी ते सगळे, पहिल्या अक्षरापासून, स्वच्छ छापले. इतके स्वच्छ मला बऱ्याच वर्षांत जमले नव्हते.

मित्रांनो, भंगारवाला आता कधीही येईल. माझ्याबद्दल हळहळू नका, मी पुष्कळ बोललो, तेही सगळे दुसऱ्यांचे. हे मनोगत तेवढे माझे होते, आणि त्याचेही पहिले वाक्य मी शेवंतीच्या कागदावरून घेतले, कारण माझ्याबद्दल त्याहून खरे वाक्य कुणीच लिहिलेले नाही. तुम्हाला एकच विनंती आहे. उद्या तुमच्यासमोर कोरा कागद येईल आणि ते जुने पाठ केलेले शब्द तोंडावर येतील, तेव्हा जरा थांबा. ज्याच्याविषयी लिहायचे आहे त्याच्याकडे एकदा नीट पाहा. आणि तुमच्या घरात, दुकानात, शाळेत माझ्यासारखे कुणी उभे असेल, तर त्याच्या डोक्यावरचा चहाचा ग्लास तेवढा उचलून ठेवा.